दादाने पाहिलेली गाडी

या गाडीच्या कागदावर ‘रस्त्यावर चालवण्यास योग्य’ असा शिक्का ज्या साहेबाने मारला, त्याने गाडी पाहिलेलीच नाही. बॉनेट उघडलं नाही, पायाखालचं कार्पेट उचललं नाही, खुर्चीतून बूडसुद्धा हलवलं नाही. शिक्का मात्र ठसठशीत मारला. अशा साहेबाला जाब विचारायला कोणी जात नाही. माणूस जिथे ओरडता येतं तिथे जाऊन ओरडतो. म्हणून ती दोघं बहीणभावंडं सकाळी दहा वाजता जुन्या गाड्यांच्या डीलरकडे आली.

भाऊ मेकॅनिक. तोच पुढे होता. काचेचं दार त्याने खांद्याने ढकललं.

“पाण्यात बुडालेली गाडी माझ्या बहिणीच्या गळ्यात मारलीस? काल हिची लेक मागे बसली होती. उतारावर गाडी मेली. स्क्रीन काळी, स्टिअरिंग दगड. हँडब्रेकच्या नावाने नुसतं एक बटण, तेही मेलेलं. हिने खडीच्या ढिगात घातली म्हणून वाचल्या दोघी. तुला आज सोडत नाही मी.”

बहीण त्याच्या मागून आत आली. अकरा वर्षं तिने दुसऱ्यांच्या मोठ्या गाड्या चालवल्या होत्या. ही पहिली स्वतःची. सोमवारपासून हॉटेलच्या पाहुण्यांसाठी लावायची होती. काल खडीच्या ढिगात पोरीच्या बेल्टचं बक्कल निघेना, तेव्हा तिने पट्टा खेचून खेचून सगळा बाहेर काढला. शेवटचा हातभर तुकडा, जो एरवी कधी बाहेर येतच नाही, वाळलेल्या चिखलाने माखलेला होता. गाडी कुठून आली ते तिला तिथेच कळलं.

डीलर साठीचा. चष्मा कपाळावर सरकवलेला. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि बहिणीकडे खुर्ची सरकवली.

“बसा, ताई. मुलगी कशी आहे?”

“चार टाके पडलेत कपाळाला.”

“आणि तुम्ही?”

“माझं सोडा.”

“गोड बोलून फिरवू नकोस,” भाऊ म्हणाला. “धंदाच तुझा तो.”

डीलरने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. “हे तू मला बोलतोयस?”

“मग कोणाला बोलू? त्या खुर्चीला?”

“ठीक आहे. वर्षाला चार गिऱ्हाइकं आणतोस, म्हणून गप्प बसणार होतो.”

त्याने कपाटातून फाइल काढली आणि एक कागद बहिणीसमोर ठेवला. भावासमोर नाही. ‘पाण्यात बुडालेली गाडी’ असं पहिल्याच ओळीत छापलेलं होतं. खाली हाताने लिहिलेल्या दोन ओळी. अक्षर तिला ओळखावं लागलं नाही. तिच्या शाळेच्या अर्ध्या वह्या त्याच अक्षरात भरलेल्या होत्या.

‘सगळं वायरिंग मी स्वतः बदलून घेईन. मालकिणीला पूर्ण कल्पना दिली आहे.’ खाली सही.

“ही गाडी मी विकायला नाही, मोडायला काढली होती,” डीलर म्हणाला. “हा म्हणाला, मोडू नका, बहिणीला घेऊन देतो, महिनाभर गॅरेजला ठेवून आतून नवी करतो. म्हणून निम्म्या किमतीला दिली.”

निम्म्या किमतीला. घरी केवढं कौतुक झालं होतं भावाचं. पठ्ठ्याने घासाघीस करावी तर अशी. वहिनीने शेजारणींना बोलावून गाडी दाखवली होती, आणि हा मान खाली घालून हसत होता, जसं काही त्यात विशेष नाही.

“मला का नाही सांगितलंत?” आता तिचा आवाज चढला. “गिऱ्हाईक मी होते.”

“तुम्ही आलात त्या दिवशी मी तीनदा विषय काढला. तिन्ही वेळा तुम्ही म्हणालात, दादाने पाहिलीय ना, मग मला काही सांगत बसू नका. चूक माझी आहे, ताई. चौथ्यांदा सांगायला हवं होतं.”

“हवंच होतं.”

“गाडी परत घेतो. दिलेत तेवढे सगळे परत. आणि सोमवारचं काम अडू देऊ नका, बाहेरची करडी गाडी न्या. तुमची सोय होईपर्यंत वापरा. आधी खालून-वरून तपासा, मगच न्या. तुमच्या ओळखीचा दुसरा कोणी मिस्त्री आणा.”

‘दुसरा’ हा शब्द त्याने जरा सावकाश म्हटला.

भावाच्या खांद्यावरचं ओझंच उतरलं. “बघ, मिटलं की नाही? उगाच जीव टांगणीला लावून घेतलास.” त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. “वायरिंग करणारच होतो गं चिमे. गॅरेजला श्वास घ्यायला फुरसत नाही. त्यात गाडी लोण्यासारखी चालत होती. म्हटलं, पुढच्या महिन्यात बघू. चल, ऊठ. घरी बोलू.”

ती उठली नाही. पाठीवरचा हात तिने बाजूला केला.

“घरी नाही. इथे बोल, यांच्यासमोर. गाडी घरी नेली त्या दिवशी आत मी होते, आई होती, माझी पोर होती. दोन सीट रिकाम्या होत्या. वहिनी मुलाला घेऊन चढलीसुद्धा होती. तू तिला हाताला धरून खाली उतरवलंस, दोघांना मोटारसायकलवर घेतलंस आणि आमच्या मागून आलास. का, दादा? उत्तर दे.”