यादीतलं दुसरं नाव

मंजुषा गेल्याचा दवाखान्यातून फोन आला, तेव्हा रामकिसन तिच्या कॉम्प्युटरपाशीच उभा होता. कॉम्प्युटर चालू होता. दवाखान्यात जाताना ती बजावून गेली होती, "अहो, बंद करू नका. आल्यावर बघते." त्याने तो बंद केला नाही. पण तेराव्याच्या दिवशी पडेगावची लाईट चार तास गेली आणि तो आपोआप बंद पडला. सगळी नोकरी लाईनमन म्हणून केलेल्या माणसाला ते फार लागलं.

फुलंब्री आणि कन्नड तालुक्यांतल्या साठ विहिरींची पाण्याची पातळी ती त्यात मांडत होती. कॉलेजातलं तिचं ते शेवटचं काम. आता कॉम्प्युटर परत चालू केला, तरी ते कुठेच दिसेना. पडद्यावरच्या चित्रांवर दाबून पाहिलं, काही उपयोग झाला नाही. चार दिवस वाट पाहून त्याने तिच्या विद्यार्थिनीला, सुमय्याला, फुलंब्रीला फोन लावला. सगळं पुसलं गेलं का, एवढंच त्याला विचारायचं होतं.

सुमय्या म्हणाली, मॅडम चित्रांवर कधी दाबायच्याच नाहीत. काळी खिडकी उघडून तिच्यात स्पायडर असं प्रोग्रॅमचं नाव टाईप करायच्या, मग काम उघडायचं. त्याने एका बोटाने इंग्रजी अक्षरं शोधून तसं केलं. असं काही सापडत नाही, असं उत्तर आलं.

मग सुमय्याने समजावलं. या कामाची हत्यारं मॅडमनी वेगळ्या कप्प्यात ठेवली असणार. आधी कप्पा चालू करायचा, मग स्पायडर. कप्प्याला नाव काय दिलं ते तिला माहीत नव्हतं. यादी काढावी लागणार होती. ती एकेक अक्षर सांगत गेली, तो दाबत गेला.

"काका, खांबावर बी एवढ्याच सावकाश चढायचे का?"

तो महिन्यात पहिल्यांदा हसला.

यादीत दोनच नावं होती. पहिलं बेस. ते सगळ्यांकडे असतं, सुमय्या म्हणाली, दुसरं वाचा. रामकिसनने चष्मा काढला, पुसला, परत लावला.

मंजुषाने लग्नातल्या उखाण्यानंतर एकतीस वर्षांत त्याचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. बँकेत कुणी नवऱ्याचं नाव विचारलं, की कागद ओढून घेऊन लिहून द्यायची. एवढी कॉलेजात शिकवतेस, नाव घ्यायला काय होतं, असं तो चिडवायचा. सवय नाय, म्हणायची.

"काका? दुसरं काय हाय?"

"माझं नाव हाय."



"मग टाका ना काका," सुमय्या हळू म्हणाली. "मॅडम रोज सकाळी पहिलं तेच टाकत असतील."

त्याने टाकलं. ओळीच्या सुरुवातीला कंसात त्याचं नाव येऊन बसलं. मग स्पायडर टाईप केलं. मिनिटभराने तिचं काम उघडलं, जसंच्या तसं. गाव, विहीर, किती फुटांवर पाणी. सत्तेचाळीस ओळी भरलेल्या. अठ्ठेचाळिसावीपासून साठाव्या ओळीपर्यंत नुसतं पिशोर लिहिलेलं, पुढे आकडा नाही.

"सगळं हाय का, काका?"

"हाय," रामकिसन म्हणाला. "पिशोरच्या तेरा विहिरी मोजायच्या राहिल्यात."