शिकंज्यातला पाय

सकाळपासून बूट शिवणारा रेवदंड्याचा नामा लोखंडी शिकंजा आवळत होता आणि शिकंजा पुन्हा सैल होत होता. त्यात हिरामण सारंगाच्या उजव्या पायाचा लाकडी फर्मा होता, अर्धवट शिवलेल्या बुटासकट.

सन बत्तीसच्या शिमग्याआधी हिरामणची लाँच बुडाली, त्याला आठ दिवस झाले होते.

त्याची बायको ठमी दारात आली. "नामादादा, ते काय गावले न्हाईत. त्यांच्या जागी हा पाय जाळायचा हाय. सोडा त्याला."

नामाने मळसूत्र पूर्ण उघडलं. जबडे वीतभर लांब गेले. फर्मा तिथेच राहिला, अधांतरी.

ठमीने फर्म्यापुढे हात जोडले. "चला, घरी चला."

मागच्या फळीवरचा, त्याच जोडीचा तयार डावा बूट सावकाश जमिनीवर उतरला, पाण्याचा अंदाज घेत होडीतून उतरावं तसा.