शर्वरीचा अर्ज

"सर, आता एकच टेस्ट नापास होतेय. उडवून टाकू?" नूपुरने लॅपटॉप दाबकेंपुढे सरकवला.

ड्रायव्हिंग स्कूलच्या सॉफ्टवेअरची आपोआप तपासणी करणाऱ्या नऊशे टेस्ट दोघांनी महिनाभर घासूनपुसून लख्ख केल्या होत्या. दुबार होत्या त्या काढल्या, रेंगाळणाऱ्यांना पळायला लावलं. चाळीस मिनिटांचं काम चारवर आलं होतं. सकाळी घरी झालेली कटकट सोडली, तर दाबके खुशीत होते.

"अठरा पूर्ण नसतील तर लायसन्सचा अर्ज नाकारला जातो का, एवढंच ही बघते. कालपर्यंत नाकारला जात होता, आज मंजूर झालाय," नूपुर म्हणाली. "अर्जदार शर्वरी दाबके. तुमच्या नात्यातली कुणी?"

दाबकेंनी स्क्रीनवरची जन्मतारीख वाचली. बारा वर्षांपूर्वी ही टेस्ट लिहिताना एक लहान मूल हवं होतं, म्हणून त्यांनी लेकीचं नाव आणि जन्मतारीख घातली होती. आज तिचा वाढदिवस. स्कूटरसाठी सकाळी ती हटून बसली होती आणि "अजून लहान आहेस" म्हणत त्यांनीच तिला गप्प केलं होतं.

"राहू दे ती." त्यांनी जन्मतारीख पुसली आणि तिथे लिहिलं, आजची तारीख वजा सतरा वर्षं. टेस्ट पास झाली. इथली शर्वरी आता कधीच अठराची होणार नव्हती.

मग त्यांनी घरी फोन लावला. "शरू, शिकाऊ लायसन्सचा अर्ज भरून टाक. मंजूर होतो, मी आत्ताच बघितलं."