अकरावा गुलाब

"पुन्हा खाल्लं मेल्यांनी!"

रावजींनी परडी ओट्यावर आपटली. परडीत दहा गुलाब होते. अकरावा त्यांच्या हातात, आणि त्याच्या बाहेरच्या पाकळीचा लचका तोडलेला. आज झाडांवर मोजून अकराच उमलले होते. चातुर्मासात रोज घरचे अकरा गुलाब दत्ताला वाहायचे, असा रावजींचा संकल्प. बाजारातलं फूल चालणार नाही, हेही त्यांनीच ठरवलेलं. संपायला फक्त आठ दिवस राहिले होते, आणि आज एवढ्याशा किड्याने सगळ्यावर पाणी फिरवलं.

देवाला कुरतडलेलं फूल चालत नाही. हुंगलेलंही चालत नाही. या बाबतीत रावजी भलतेच कडक. नाशिकरोडच्या त्यांच्या घरात फुलं काढायचा हक्क फक्त त्यांचा. बायको, वत्सलाबाई, नुसती वास घ्यायला वाकली तरी ओरडायचे, "अगं, देवाची आहेत ती!" लग्न झाल्यापासून चाळीस वर्षं हेच चाललेलं. किडकं फूल निघालं की ते कोपऱ्यात भिरकावून द्यायचे. त्याचं पुढे काय होतं, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं.

श्रावणात भुंग्यांनी त्यांच्या अगदी नाकी नऊ आणले होते. रोज तीन-चार फुलांची चाळण. रावजींनी तंबाखूचं पाणी शिंपडलं, राख टाकली, कडुनिंबाचा पाला उकळून सगळं घर कडू करून सोडलं. काडीचा फरक पडला नाही. शेवटी शेजारच्या सुनीलने एक बाटली आणून दिली. तो खता-औषधांच्या दुकानात कामाला होता. तीन फवारे मारले आणि बाग साफ! रावजींनी पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले.

आणि चार दिवसांनी पुन्हा तेच. पण आता रोज एकच फूल. एकच! रावजी भिंग घेऊन पानापानाखाली शोधायचे. भुंगा सापडेल तर शपथ. जेवताना तोच विषय, दाढी करताना तोच विषय. एवढे दिवस बारा-तेरा फुलं उमलत होती म्हणून निभावलं. आज मात्र घात झाला.

"सुनील! अरे ए सुनील!" त्यांनी कुंपणावरून हाक मारली. "औषध दिलंस की रंगीत पाणी?"

सुनील चहाचा कप घेऊनच आला. त्याने दोन-चार फांद्या उलटसुलट करून पाहिल्या. मग रावजींच्या हातातलं फूल निरखलं.

"काका, भुंगे कधीच संपलेत. एका पानाला भोक नाही बघा."

"मग हे काय मी खाल्लं?"

"किड्याने खाल्लं की कड वेडीवाकडी होते, काळी पडते. ही कड बघा, ताजी आहे. हे कुणीतरी नखाने खुडलंय."

रावजी हसायलाच लागले. आणि हसता हसता थांबले. फाटकाला रात्रभर आतून कुलूप असायचं. घरात माणसं दोनच.

वत्सलाबाई दारात उभ्या होत्या. वेणीफणी झालेली, मान ताठ. सुनील काय ते समजला आणि कप घेऊन सटकला.

"तू?" रावजींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अगं, आज अकराच होते! माझा संकल्प मोडला! दिसलं नाही तुला?"

"दिसलं. मोजले होते मी."

त्या पुढे आल्या. नवऱ्याच्या हातातून तो गुलाब त्यांनी काढून घेतला, डोळे मिटून पोटभर हुंगला, आणि तुटकी बाजू आत करून अंबाड्यात खोचला. हात इतका सराईत, की आरशाचीही गरज पडली नाही. रावजी बघतच राहिले. ही रोज फूल माळते, हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

"चांगलं ते देवाचं, किडकं ते माझं. चाळीस वर्षं मी तक्रार केली?" वत्सलाबाई म्हणाल्या. "भुंगे होते तोवर मला रोज एक मिळायचं. तुम्ही ते मारलेत, मग त्यांचं काम मलाच करावं लागलं."