आजीवन सदस्याची शेवटची तारीख

राजेंद्र नगरच्या आमच्या मराठी वाचनालयाची वेबसाइट मी बनवली. हो, मीच, अकरावीतल्या अस्मिताने! सगळ्यांची माहिती भरून झाली, पण माझे आजोबा पडले आजीवन सदस्य, आणि डेटाबेस ‘मुदत संपण्याची तारीख’ रिकामी सोडूच देईना.

शेवटी आजोबांनाच विचारलं.

“टाक कोणतीही. अब कितने दिन बचे हैं! म्हणून तर मोतीबिंदूचं ऑपरेशन नको म्हणतोय मी.”

मी ३१ डिसेंबर २०९९ टाकली आणि कार्ड छापून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते भिंगाखाली धरून दोनदा वाचलं.



“बेटा, डॉक्टरला फोन लाव. इतकी वर्षं भिंगाने वाचणं नाही जमायचं.”