नदीची हजेरी

"अरे, चाक कुठल्या बाजूला फिरवतोयस तू?"

गेटवाल्याचा हात जागच्या जागी थांबला. मागे वळून बघतो तर ताई उभी. त्याची थोरली बहीण. धरणाच्या भिंतीवर ती आजवर कधी आली नव्हती. हातात कापडी पिशवी होती आणि पिशवीला वास येत होता.

"बंद करतोय," तो म्हणाला.

ताईनं एकदा खाली नदीकडे पाहिलं, एकदा मागच्या जलाशयाकडे. जलाशय निम्म्याच्या वर भरलेला होता.

"धरणाचा तळ दिसायला लागलाय म्हणालास. नदीला सोडायला पाणीच नाही म्हणालास. मग हे काय, चित्र काढलंय?"

धरण बांधलं तेव्हा करार झाला होता. शहरानं पिण्यापुरतं पाणी न्यायचं आणि नदीला तिचा वाटा रात्रंदिवस सोडायचा. म्हणजे खाली मासेही जगतील आणि काठची गावंही. वाटा सुटतो की नाही ते बघायला एक पट्टीवाला नेमला होता. ताईच्या गावाजवळ पुलाखाली खुणांची पट्टी रोवली होती. पट्टीवाला रोज सकाळी आठला यायचा, पाणी कुठल्या खुणेला टेकलंय ते लिहून घ्यायचा आणि जायचा. दिवसातून एकदाच.

धरणावरच्या साहेबांनी नेमकं हेच हेरलं. सहाला गेट उघडायचं, साडेआठला बंद करायचं. पट्टीवाल्याला आठ वाजता पाणी दिसलं की झालं. उरलेलं सगळं शहराला. "शहर ओरडतं," साहेब म्हणाले होते, "मासे ओरडत नाहीत." या गोष्टीला सात वर्षं झाली. हुकूम साहेबांचा, पण चाकावरचे हात गेटवाल्याचे.

ताईनं पिशवी त्याच्या पायाशी उलटी केली. बोटाएवढे मासे, वाळून कडक झालेले.

"पाण्याबरोबर चढतात बिचारे. दहाला पाणी पळालं की चिखलात तडफडत राहतात. तुझे दाजी गावभर सांगत फिरतात, आमची नदी नोकरीला लागलीय, सकाळी हजेरी लावते नि घरी जाते. लोक हसतात. मीपण हसायचे. मला काय ठाऊक, ती हजेरी माझाच भाऊ लावतोय!"

"ताई, नोकरी जाईल माझी."

"जाऊ नको देऊस. जप तिला."

पाणीसुद्धा न पिता ती आल्या पावली निघून गेली.

गेटवाल्याला जेवण गेलं नाही. साहेब शहरात बैठकीला गेले होते. दोन वाजता तो उठला आणि त्यानं चाकाला हात घातला. रोज तीन फेरे द्यायचा, त्यात पात्राच्या मधून एक बारीक धार वाहायची. आज त्यानं बारा फेरे दिले. पाणी असं सुटलं की पायाखालची भिंत थरथरली.

नियमानं आधी भोंगा वाजवायचा. पण भोंगा ऐकून कचेरीतली माणसं धावत आली असती आणि गेट पुन्हा बंद झालं असतं. ताईलाही त्यानं कळवलं नाही. तिनं सहज दाराबाहेर यावं आणि काठोकाठ भरलेली नदी बघावी, एवढंच त्याच्या मनात होतं. मग त्यानं नोंदवही उघडली आणि सात वर्षांत पहिल्यांदा खरी वेळ लिहिली. मनावरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं.

पुलापर्यंत पाणी पोचायला दीड तास लागतो. पावणेचारला त्यानं ताईला फोन लावला. उचलला नाही. नदीवर गेली असेल, तो मनाशी म्हणाला आणि हसला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा तिनं उचलला. मागे माणसांचा नुसता गलका चालला होता.

"ताई, आलं का गं पाणी?"

"तू सोडलंस?"

"मीच. आता साहेबांचा बाप आला तरी बंद करणार नाही."

"गावच्या विहिरी आटल्या रे," ताई म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता. "म्हणून पात्राच्या कडेला वाळूत विहीर खणत होतो. दोन माणसांच्या उंचीएवढी खोल गेली होती. तुझे दाजी आणि आणखी तिघं खाली होते. पाणी आलं नि वाळू एकदम त्यांच्या अंगावर ढासळली."

"वर कुणी लक्ष ठेवायला नव्हतं?"

"कशाला ठेवतील? दहानंतर नदी येत नाही, हे तूच सात वर्षं शिकवलंस आम्हाला."