बाहेरून आलेले

जावई यतीन भांडून घर सोडून गेला, तेव्हा लेकीला, वैभवीला, आधार द्यायला प्रमिलाबाई नागपूरहून लंडनमधल्या स्टॅनमोरला आल्या. गेल्या आठवड्यात जावई परत घरी राहायला आला. तो आणि वैभवी आता एकमेकांशी जपून बोलत होते, पण प्रमिलाबाई खोलीत आल्या की गप्प होत होते.

रविवारी दुपारी नात अनुष्का टेस्टचा अभ्यास करत आजीला सांगत होती, "एकाच फॅमिलीत सिव्हिल वॉर झाला, आजी. सगळा इंग्लंड मोडला होता. मग हेन्री द सेकंड किंग झाला आणि त्याने परत नीट केला."

"कसं गं केलं?"

"विचारल्याशिवाय बांधलेले कासल्स पाडले. आणि वॉरसाठी बाहेरून बोलावलेले सोल्जर्स होते ना, त्यांना आधी घरी पाठवलं. ते असले तर पीस होत नाही."

मटार सोलणारे आजीचे हात थांबले. "मदतीलाच आले होते ना गं ते?"

"हो. पण वॉर संपला ना."

"मग पुढे त्यांचं काय झालं?"

"बुकमध्ये नाही दिलंय."

संध्याकाळी जावयाला आग्रहाने वाढून झाल्यावर प्रमिलाबाई लेकीच्या मागे स्वयंपाकघरात गेल्या. "वैभवी, माझं परतीचं तिकीट जरा अलीकडचं मिळतंय का बघतेस?"



"शुक्रवारचं मिळतंय, आई," वैभवी मान खाली घालून म्हणाली. "मी कालच बघून ठेवलंय."